माझ्या छातीचा फोटो कुणाच्या खिशात?

(वस्तीतल्या वाचनालयात तरुण कामगारांच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवलं आहे. मधल्या शिव्या तेवढ्या गाळल्या.)

दोस्तांनो,

मी दिवसा गोदीत माल उचलतो, रात्री कविता लिहितो. शिक्षण मॅट्रिक. डॉक्टरांनी आणि कॉम्प्युटरवाल्यांनी बोलायच्या विषयावर हा हमाल कशाला उभा राहिला, असं पुढं बसलेल्या शिकलेल्या मित्रांना वाटत असेल. उभा राहिलो, कारण ओझं माझ्या पाठीवर आहे. वजनाबद्दल पाठीला विचारा, काटेवाल्याला नको.

सुरुवात बापापासून करतो. बाप गोदीतच होता. सिमेंटच्या गोण्या वाहून वाहून खोकला लागला. तपासलं तर टीबी. औषध सुरू झालं, तीन महिन्यांत बरं वाटलं, काम सुटलं म्हणून गावाकडं गेला. तिथल्या डॉक्टरपाशी इथला कागद नव्हता. त्यानं आपल्या मनानं नवीन गोळ्या दिल्या. त्या संपल्या, बाप परत मुंबईत. सगळे कागद आईनं एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीखाली ठेवले होते. २९ ऑगस्ट २०१७ चा पाऊस आठवा. आमच्या खोलीत कमरेएवढं पाणी. केसपेपर, थुंकीचा रिपोर्ट, गोळ्यांचं कार्ड, सगळ्याचा लगदा झाला.

डॉक्टर विचारतो, आधी कुठली गोळी, किती दिवस? आई सांगते, लाल गोळी होती, लघवी लाल व्हायची. एवढाच आमच्या घरचा दवाखान्याचा इतिहास. टीबीचं औषध अर्धवट सुटलं की जंतू त्या औषधाला जुमानत नाही, हे तेव्हा कळलं. पुन्हा तपासण्या, पुन्हा वाट बघणं. बाप २०१९ ला गेला. कागदानं मारलं असं मी म्हणणार नाही. सिमेंटनं मारलं, दहा बाय दहाच्या खोलीनं मारलं, अर्धपोटी राहण्यानं मारलं. पण कागद हाताशी असता तर ते वाट बघण्याचे आठवडे वाचले असते.

म्हणून 'आरोग्याच्या नोंदी कॉम्प्युटरवर नकोत' असं म्हणणाऱ्यांत मी नाही. ज्यांच्या घरी तीन पिढ्यांचा एकच डॉक्टर आहे त्यांना ते परवडतं. त्यांचा इतिहास डॉक्टरला तोंडपाठ असतो. आपलं काय? आज नाक्यावर, उद्या साइटवर, परवा उसाच्या फडात. २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायांचं प्रकरण गाजलं. कमी वयात गर्भाशयाच्या पिशव्या काढलेल्या आपल्या आयाबहिणी. पिशवी का काढली, दुखणं काय होतं, हे लिहिलेला कागद त्यांतल्या किती जणींच्या हातात होता? नोंद म्हणजे नुसतं औषध नव्हे दोस्तांनो, नोंद म्हणजे साक्षीदार. आणि साक्षीदार नेहमी त्यांच्या कपाटात राहत आलाय.

आता हा नवा कारभार माझ्या भाषेत सांगतो. १५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून तो जाहीर झाला. सहा केंद्रशासित प्रदेशांत चाचणी घेतली आणि २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू केला. नाव, आयुष्मान भारत डिजिटल मिशन. माणसाला चौदा आकडी नंबर मिळतो, त्याला आभा म्हणतात. ७० कोटींच्या वर नंबर निघालेत. लोकांना वाटतं सगळ्यांचे रिपोर्ट दिल्लीतल्या एका कोठारात जाऊन पडतात. तसं नाही. माल जिथं उतरला त्याच गोदामात राहतो. रक्ताचा रिपोर्ट लॅबमध्ये, छातीचा फोटो इस्पितळात. आभा म्हणजे त्या मालावरचा मार्का. दुसऱ्या डॉक्टरला बघायचा असला की तो मागणी टाकतो. तुमच्या मोबाईलवर येतं: कोण मागतोय, कशासाठी, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंतचे कागद, किती दिवसांसाठी. तुम्ही हो म्हणालात तर गेट उघडतं. तुमचा होकार म्हणजे गेटपास. दिलेला गेटपास रद्दसुद्धा करता येतो. आणि आभा काढणं सक्तीचं नाही, ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे.

कागदावर झकास. कागदावर अस्पृश्यतासुद्धा १९५० लाच संपली.

जमिनीवर काय झालं? २०२१ ला आपण लसीच्या रांगेत उभे होतो. आधार दाखवलं, दंड पुढं केला. कित्येकांचे हेल्थ आयडी तिथल्या तिथं निघाले. माझाही. सर्टिफिकेटवर नंबर छापलेला दिसला तेव्हा मला कळलं की मी 'मर्जीनं' सामील झालोय!

आता गेल्या वर्षीची गोष्ट. ठेकेदारानं कामगारांसाठी तपासणी शिबिर लावलं. शुगर, बीपी, रक्त, छातीचा फोटो. फुकट. चांगली गोष्ट आहे, मी वाईट म्हणत नाही. रांगेच्या तोंडाशी एक पोरगा टॅब घेऊन बसलेला. 'ओटीपी बोला.' चाळीस जण एकामागून एक ओटीपी बोलले. कशाचा, कुणी विचारलं नाही. मागं रांग होती आणि दुपारी पाळी लागणार होती. मीही बोललो. कविता लिहिणारा, सगळ्याला प्रश्न विचारणारा मी, सहा आकडे पोपटासारखे बोललो.

पंधरा दिवसांनी मुकादम माझ्या टोळीतल्या एकाला म्हणाला, 'तुझी शुगर लई वाढलीय. क्रेनखाली चक्कर येऊन पडलास तर निस्तरायचं कुणी? घरी बस.' त्या माणसाला आपल्याला शुगर आहे हेच ठाऊक नव्हतं. त्याचा रिपोर्ट त्याच्या आधी मुकादमानं वाचला! टॅबमधून गेला की शिबिरातल्या कागदाच्या गठ्ठ्यातून गेला, मला सिद्ध करता येणार नाही. पण परिणाम मी डोळ्यांनी बघतोय. त्या दिवसापासून टोळीतले तिघं महिनाभर खोकतायत आणि थुंकी तपासायला जात नाहीत. 'तपासली की नोंद होणार, नोंद झाली की काम जाणार.' माझ्या बापाकडं कागद नव्हता म्हणून त्याचे हाल झाले. हे तिघं कागदाला भिऊन मरतील.

यांना अडाणी म्हणू नका. नोंदीची भीती आपल्या रक्तात कशी आली ते बघा. गावात दप्तर कुळकर्ण्याच्या हातात, वही सावकाराच्या हातात, अंगठा तेवढा आपला. १८७१ ला इंग्रजानं क्रिमिनल ट्राइब्ज ॲक्ट केला. अख्ख्या जमातींची रजिस्टरं तयार केली. मूल जन्मलं की गुन्हेगार. हजेरी लावायची, पासाशिवाय हद्द ओलांडायची नाही. सोलापूरच्या सेटलमेंटला तारेचं कुंपण होतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा गेला, पण आजही चोरी झाली की पोलीस पहिल्यांदा पारध्याच्या पालावर जातात. आधी नोंद येते, कुंपण तिच्या मागून येतं. ऑगस्ट २०२० मध्ये या मिशनच्या धोरणाचा मसुदा आला. त्यात संवेदनशील माहितीची यादी होती. आजार, लैंगिक जीवन आणि त्यांच्याच रांगेत 'जात किंवा जमात', 'धार्मिक किंवा राजकीय विश्वास'. जपायची माहिती म्हणून लिहिलं, असं ते सांगतील. मी म्हणतो, माझ्या लघवीच्या रिपोर्टशेजारी माझी जात बसवायचीच कशाला? कुठल्या समाजात कुठला आजार किती, हे मोजायला जात लागते, मान्य. मोजा. पण बेरजेत मोजा, नावासकट नको.

कायदा काय म्हणतो? एचआयव्हीसाठी २०१७ चा कायदा आहे, १० सप्टेंबर २०१८ पासून लागू. माणसाच्या संमतीवाचून त्याचा आजार उघड करायचा नाही, त्यासाठी नोकरीत भेदभाव करायचा नाही. हा चांगला कायदा, लोकांनी झगडून मिळवलेला. पण तो एका आजारापुरता. टीबीवाल्यानं, शुगरवाल्यानं, फिट येणाऱ्यानं काय करायचं? त्यांच्यासाठी २०२३ चा डिजिटल माहितीचा कायदा. त्याचे नियम यायला २०२५ चा नोव्हेंबर उजाडला. त्याचं कलम ७ वाचून घ्या. संमती न घेता माहिती कधी वापरता येते, ती यादी तिथं आहे. त्यात नोकरीचं कारण आहे, मालकाला नुकसानीपासून वाचवण्याचं कारण आहे. 'क्रेनखाली पडलास तर निस्तरायचं कुणी' हे मुकादमाचं वाक्य त्या कलमाच्या दारातून सहज आत शिरेल! माहिती फुटली तर दंड २५० कोटींपर्यंत, पण तो सरकारी तिजोरीत जाणार. ज्याची माहिती फुटली, ज्याचं काम गेलं, त्याला त्यातला छदाम नाही. उलट तक्रार खोटी ठरली तर त्यालाच दहा हजारांपर्यंत दंड.

आणि कॉम्प्युटर म्हणजे किल्ला, असंही समजू नका. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सच्या सर्व्हरवर हल्ला झाला. देशातलं नावाजलेलं इस्पितळ, आणि पुढं कित्येक दिवस नोंदी हातानं लिहायची पाळी आली. आमची पिशवी पावसानं बुडाली, त्यांचा सर्व्हर असा बुडाला. म्हणून कागदी केसपेपर बंद होता कामा नये. दोन्ही पाहिजेत.

मग मागायचं काय? नोंद हवी, पण किल्ली आमच्या हातात हवी.

रिपोर्ट पहिला त्या माणसाच्या हातात पडला पाहिजे, मराठीत, छापून. मोबाईल नसेल तरी. मालकाला फक्त एवढंच कळलं पाहिजे की हा या कामाला चालतो की नाही. आजाराचं नाव त्याच्या बापाला कळता कामा नये. आणि चालत नसेल तर हलकं काम द्या, पगार तोडू नका. नाहीतर तपासणी म्हणजे माणसं गाळायची चाळण. कामगारांच्या नव्या संहितेत फुकट वार्षिक तपासणीची तरतूद आहे, म्हणून हे आजच बोललं पाहिजे. एचआयव्हीच्या कायद्यातलं संरक्षण सगळ्या आजारांना मिळालं पाहिजे.

हे मागण्यांचं झालं. आता आपलं काम. सरकार येऊन शिकवणार नाही. दर रविवारी संध्याकाळी या वाचनालयात दहावी-बारावी झालेल्या पोरापोरींनी बसायचं. वस्तीतल्या म्हाताऱ्यांना, बायांना त्यांच्याच मोबाईलवर उघडून दाखवायचं की तुझा गेटपास कुणाकुणाला गेलाय. नको असला तर रद्द कसा करायचा. ओटीपी सांगण्याआधी 'कशाचा?' हा एक शब्द विचारायला शिकवायचं. आणि एक अट. त्यांचे ओटीपी, त्यांचे आजार आपल्या वहीत उतरवायचे नाहीत. नाहीतर उद्या आपणच कुळकर्णी होऊ.

बापाच्या पिशवीतली एकच वस्तू त्या पावसातून वाचली. छातीचा फोटो. फिल्म होती म्हणून तिचा लगदा झाला नाही. उजेडात धरली की बरगड्या दिसतात. त्यावर चिकटवलेली नावाची पट्टी वाहून गेली, तारीख गेली. डॉक्टर म्हणाला, हा कुणाचा, कधीचा, कसं समजणार? उपयोग नाही.

बिननावाचा फोटो मला नकोय. माझं नाव त्यावर ठळक असू द्या, तारीख असू द्या, उद्याच्या डॉक्टरला एका क्षणात दिसू द्या. पण तो माझ्या खिशात असेल. मुकादमाच्या नाही.

त्या तिघांना घेऊन मी उद्या सकाळी थुंकी तपासायला चाललोय. मीही माझी देणार आहे. कोण येतंय?

जय भीम.