छातीवर वाघ, वावरात काळवीट

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय आहे मॅस्कॉट. म्हणजे स्पर्धेत तो मोठ्या डोक्याचा, ड्रेस घातलेला प्राणी मैदानात नाचतो ना, तो. विषय हलकाफुलका वाटेल, पण तो शेवटी आमच्या घरापर्यंत येतो. त्यामुळे शेवटपर्यंत ऐका.

मी बी.टेक.च्या तिसऱ्या वर्षाला होतो. स्पोर्ट्स वीकसाठी ब्रँचचा टी-शर्ट करायचा होता आणि लॅपटॉपवर चित्र काढता येणारा मी एकटाच. मॅस्कॉट कोणता? सगळे एका सुरात, "वाघ!" मी म्हटलं, काळवीट घेऊ. मी वाशीम जिल्ह्यातला, कारंजाकडचा. आमच्याकडे कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य आहे, साधारण १८ चौरस किलोमीटरचं. काळवीट ताशी ७०-८० किलोमीटर वेगाने पळतो. खेळाडूला अजून काय पाहिजे? तर एक जण म्हणाला, "अरे, हरणाची शिकार होते. आपण काय शिकार व्हायला उतरतोय का?" सगळे हसले. वाघ छापला. पहिल्याच मॅचमध्ये हरलो, तो भाग वेगळा.

आता थोडा इतिहास. कॉलेजच्या मॅस्कॉटची गोष्ट निघाली की अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचं नाव येतंच. तिथल्या एका विद्यार्थ्याने १८८९ च्या सुमारास एका लोहाराकडून पाच डॉलरला बुलडॉग विकत घेतला. नाव पडलं हँडसम डॅन. तो मॅचच्या आधी मैदानात फिरायचा. तो गेल्यावर दुसरा डॅन आला, मग तिसरा, आणि ती परंपरा आजही चालू आहे. म्हणजे सुरुवात चित्रापासून नाही, खऱ्या, भुंकणाऱ्या कुत्र्यापासून झाली.

आपल्याकडे मॅस्कॉट घराघरात पोचला तो १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये. अप्पू हत्ती. तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांना आठवेल. अप्पूमागेही खरा हत्ती होता, केरळचा कुट्टीनारायणन. पुढे तो एका खड्ड्यात पडला, पाय मोडला. ती जखम कधी पूर्ण भरलीच नाही. २००५ मध्ये तो गेला. चित्रातला अप्पू अजून हसतोय. खऱ्याचं काय झालं, हे किती जणांना माहीत आहे? मलाही हा एपिसोड करेपर्यंत माहीत नव्हतं.

महाराष्ट्रात बघा. २००८ ला पुण्यात बालेवाडीला राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या. मॅस्कॉट होता 'जिगर', वाघच! दिल्लीच्या २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचा 'शेरा' वाघ, त्याचा हा धाकटा भाऊ. सगळीकडे वाघच. विद्यापीठांच्या खेलो इंडिया स्पर्धा २०२३ ला उत्तर प्रदेशात झाल्या, तेव्हा मात्र त्यांनी आपला राज्यप्राणी बारशिंगा घेतला. नाव 'जितू'. गोव्याने त्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धांसाठी गवा घेतला, 'मोगा'. तोही त्यांचा राज्यप्राणी.

आणि जानेवारी २०१९. परत बालेवाडी, खेलो इंडिया युवा स्पर्धा. मॅस्कॉट दोन: विजय वाघ आणि जया... काळवीट! मी लगेच कॉलेजच्या ग्रुपवर फोटो टाकला, "बघा, कोण बरोबर होतं?" त्या आनंदात बाबांनाही फोन केला. म्हटलं, बाबा, आपला काळवीट पुण्याच्या स्पर्धेत पोचला.

बाबा म्हणाले, "पोचला? मंग तिकडंच ठेवा म्हना त्याले. इथं हरभरा ठेवत नाही थो."

मी गप्प. कारण मला माहीत होतं, ते जागलीला निघाले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: रात्रभर वावरात माळ्यावर बसायचं, बॅटरी मारायची, डबा वाजवायचा, आरोळ्या द्यायच्या. काळवीट आणि रोही कळपाने येतात आणि कोवळं पीक खुडून जातात. काळवीट १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, त्याला इजा करता येत नाही. करायलाही नको. नुकसान झालं की अर्ज करायचा, पंचनाम्याची वाट बघायची. जनावराला अभयारण्याची हद्द कळत नाही आणि हरभऱ्याला पळता येत नाही.

तेव्हा मला माझ्या टी-शर्टच्या हट्टातली गोम कळली. मला काळवीट आवडत होता, कारण मी होस्टेलवर झोपत होतो. त्याच्यासाठी जागणारे बाबा होते. वाघ छापणाऱ्या माझ्या मित्रांत आणि माझ्यात तसा फरक काहीच नव्हता.

तरीही माझं मत बदललेलं नाही. आपली वाशीमची कॉलेजं अमरावती विद्यापीठात येतात. उद्या इथल्या एखाद्या टीमला मॅस्कॉट हवा असेल, तर मी परत काळवीटच म्हणेन. फक्त एक अट घालेन. प्रत्येक टी-शर्टमागे थोडे पैसे बाजूला काढायचे आणि अभयारण्याला लागून ज्यांची वावरं आहेत, त्यांच्या कुंपणाला द्यायचे. दहा टी-शर्टात कुंपण होत नाही, गणित मलाही येतं. पण ज्याचं चित्र छातीवर लावतो, त्याचा खर्च कोण भरतंय, एवढं तरी टीमला कळेल.

डिझाइन मी केलंय. मागच्या दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांना मोबाइलवर दाखवलं. म्हटलं, छापू का? त्यांनी चष्मा लावून नीट पाहिलं.

"छाप. पन हा उभा हाये. पयनारा काढ. वावराच्या भाईर पयनारा."

तर मंडळी, डिझाइन बदलायचं काम चालू आहे. तुमच्या गावाचा मॅस्कॉट कोणता असावा आणि गावात त्याचं खरंच काय चाललंय, दोन्ही मला व्हॉइस नोटवर पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. राम राम!