अथर्वशीर्ष : म्हणणारा आणि ऐकणारा

(मंडळाच्या गणेशोत्सवात सहस्रावर्तनापूर्वी केलेले भाषण)



थोड्याच वेळात आपण अथर्वशीर्षाच्या सहस्रावर्तनाला बसणार आहोत. हिशोब साधा आहे. 50 जण बसले तर प्रत्येकी 20 आवर्तने झाली की 1000 पूर्ण. 25च जण असले तर प्रत्येकाला 40 म्हणावी लागतात. इंदूरच्या आपल्या मंडळात अथर्वशीर्ष पाठ असणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत. काही मुले नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूला गेली, आणि जी इथे आहेत ती हिंदी-इंग्रजीत शिकतात. म्हणून या पठणाने काय मिळते, यावर चार शब्द.

फळाचा विषय निघाला की आपण थेट फलश्रुतीकडे वळतो. दूर्वांनी पूजन करणारा कुबेरासारखा होतो, लाह्यांनी करणारा यशस्वी आणि बुद्धिमान होतो, असे तिथे सांगितले आहे. त्यावर आपली श्रद्धा आहेच. पण आपली रीत पाहा. 21 आवर्तने करताना फलश्रुती दर वेळी म्हणत नाहीत, शेवटच्या आवर्तनानंतर एकदाच म्हणतात. तोवर फळाचे नाव न काढता नुसते स्तवन करायचे. या शिस्तीतच मोठी शिकवण आहे.

आता मूळ पाठात मागणे काय आहे ते पाहू. सुरुवातीला गणपतीला निर्माण करणारा, सांभाळणारा आणि विलीन करणारा म्हटले आहे. मग रक्षण मागितले आहे. आधी स्वतःचे, पण लगेच बोलणाऱ्याचे, ऐकणाऱ्याचे, देणाऱ्याचे, शिकवणाऱ्याचे आणि शिष्याचे. दिशांचा उल्लेख त्यानंतर येतो. म्हणजे ज्याला पाठ येत नाही, पण जो शांतपणे ऐकतो, तोही या प्रार्थनेत आहे. आपल्या घरात आलेल्या हिंदीभाषक सुना, मराठी वाचता न येणारी नातवंडे, सगळे त्यात आले.

आम्ही नोकरदार माणसे, बांधकाम खात्यात उपयंत्री. आमचा अनुभव असा की पहिल्या तीन-चार आवर्तनांत मन कचेरीतल्या फायलींत फिरत असते. सातव्या-आठव्याला श्वास लयीत येतो आणि मन आपोआप ठिकाणावर येते. स्लॅब टाकला त्याच दिवशी त्याला ताकद येत नाही. रोज पाणी मारावे लागते. पठणाचेही तसेच आहे. वर्षातून एकदा हजार करण्याबरोबर रोज सकाळी एक आवर्तन व्हायला हवे.

आता उच्चारांविषयी. शाळेच्या सवयीने मुले 'ऋ'ला 'रि' आणि 'ज्ञ'ला 'ग्य' म्हणतात, आणि आपण मोठी माणसे हसतो. मग ते मूल पुन्हा बसत नाही. आपण तरी 'द्न्य' म्हणतो. ज् आणि ञ मिळून होणारा मूळ उच्चार या दोन्हींहून निराळा आहे. तेव्हा हसू नये, शेजारी बसवून शिकवावे. संथेची जुनी पद्धत त्यासाठीच आहे : गुरूने एकदा म्हणायचे, शिष्याने दोनदा. त्यात चूक सुधारते आणि कुणाचा अपमानही होत नाही.

आपण एवढेच ठरवू या. ज्यांना पाठ आहे त्यांनी प्रत्येकी एक मूल घ्यावे आणि दर रविवारी त्याला दोन ओळींची संथा द्यावी. पुढच्या गणेशोत्सवापर्यंत त्याचे पाठांतर सहज होईल. आजही जो म्हणणारा आहे त्याने आपल्या शेजारी एक ऐकणारा बसवून घ्यावा. संख्या आज कमी भरली तर आपण जास्त वेळ बसू. शिकणारे कमी पडता कामा नयेत.

गणपती बाप्पा मोरया!