वणीचे बापूजी अणे : बोलणे आणि मत
(झरी जामणी येथे मिल कामगारांच्या सभेत केलेले भाषण)



जॉबर गोड बोलला म्हणून आम्ही भुलत नाही. मस्टरावर त्याने काय मांडले ते पाहतो. दिल्लीच्या खासदारालाही तेच माप.

लोकनायक बापूजी अणे आपल्या वणीचे. १९४३ साली गांधीजींच्या उपासाच्या वेळी त्यांनी व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातली जागा सोडली. त्याबद्दल त्यांना मान. पण १९५९ ची पोटनिवडणूक आणि १९६२ ची निवडणूक ते नागपुरातून जिंकले, ती वेगळ्या विदर्भाच्या मागणीवर. तिथे आमचे त्यांच्याशी पटले नाही. कापूस वणीचा, साचे मुंबईचे, पगार मागायची भाषा एकच. मग मराठी माणसाची दोन घरे कशापायी?

तरी बापूजींनी मनातले लपवले नाही. आमचा राग दुसऱ्यांवर. इकडे 'मुंबईसह महाराष्ट्र' म्हणायचे, अन् ऑगस्ट १९५६ मध्ये लोकसभेत मराठी-गुजराती द्विभाषिकाच्या बाजूने मत द्यायचे! कितीतरी मराठी काँग्रेस खासदारांनी हेच केले. चिंतामणराव देशमुखांनी मात्र त्याआधीच, जुलैत, मुंबई तोडण्याच्या बेतावर अर्थमंत्रिपद सोडले होते. गोळीबाराची चौकशीही मागितली होती. चळवळीत शंभरावर माणसे मेली, त्यांत गिरणी कामगार होते. त्यांच्या रक्तावर पक्षाचा हुकूम भारी ठरला.

म्हणून दारी मत मागायला येईल त्याला बसवा, चहा पाजा, अन् विचारा : भाऊ, सभागृहात काय बोललात? मत कोणत्या बाजूला दिले? तारखेसकट सांगा.