बंदूक कुणाच्या मापाची?

(नागपूर येथे शेतकरी स्त्रियांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी बंदुकीवर बोलणार म्हटल्यावर आपल्यातलीच एकजण म्हणाली, "बाई, आपण तर हिंसेच्या विरोधात ना?" प्रश्न रास्त आहे. त्याच्याकडे शेवटी येते. पण काटोल, उमरेड, रामटेककडच्या ज्या बाया तुरीची नि हरभऱ्याची जागल करतात, त्यांना रानडुकरांचा कळप वावरात शिरला की डबा वाजवण्यापलीकडे काय करता येतं, हे मी सांगायला नको. कुठेकुठे घरात बंदूक असतेही. ती सासऱ्याच्या नाहीतर नवऱ्याच्या नावावर. मचाणावर मात्र बाई.

एक गोष्ट आधीच सांगते. हौसेची शिकार आपल्या देशात आता गुन्हा आहे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यात 1991 साली झालेली दुरुस्ती, यांनी तो विषय संपवला. पीक खाणारा रोही किंवा रानडुक्कर मारायचा तरी वनखात्याची लेखी परवानगी लागते. आपल्या राज्याने 2015 मध्ये त्यासाठी अटी घालून वाट काढून दिली. पण बंदुकीच्या परवान्यावर 'पीक संरक्षण' लिहिलंय म्हणजे मारायची मुभा मिळाली, असं नाही. दोन कागद वेगळे आहेत.

माझ्या वडिलांमागे त्यांची बारा बोअरची दुनळी माझ्या नावावर झाली. वारस म्हणून मुलगी अर्ज करू शकते, बायकोही करू शकते, हे आपल्याला कुणी आपण होऊन सांगत नाही. माझी उंची चार फूट अकरा इंच. पहिला बार काढला आणि दंडावर वांग्याच्या रंगाचा डाग उमटला, तो आठ दिवस गेला नाही. सगळे म्हणाले, बाईचं काम नाही. एका दुकानदाराने सल्ला दिला, "बाईमाणसाला हलकी एकनळी घ्या." मी ती वापरून पाहिली. ती तर याहून जोरात लाथ मारायची!

का, ते नंतर कळलं. छर्रे पुढे जातात तसा बंदुकीला मागे धक्का बसतो. बंदूक जितकी हलकी तितकी ती वेगाने मागे येते. काडतूस तेच ठेवून सव्वातीन किलोच्या ऐवजी 2.6 किलोची बंदूक घेतली, तर खांद्यावर येणारी ऊर्जा साधारण सव्वापट होते. म्हणजे 'नाजूक बाईला हलकी बंदूक' हे दिसायला काळजीचं, पण करायला उलटं. हलकं करायचं ते काडतूस. कमी छर्ऱ्यांचं घ्या. ऑलिंपिकच्या ट्रॅप स्पर्धेत 24 ग्रॅमच्या वर छर्रे चालत नाहीत, आणि तेवढ्यात उडती तबकडी फुटते. वीस बोअरची बंदूकही चांगली, तिची नळी अरुंद, काडतूस लहान. पण गावाकडे तिची काडतुसं सहज मिळत नाहीत, हा व्यवहार पाहावा लागतो. आणि जुनी बंदूक असेल तर तिचं घर 65 मिलिमीटरचं की 70 चं ते आधी बघून घ्या. 65 च्या घरात 70 चं काडतूस बसतंसं वाटतं, पण ते उडवणं धोक्याचं आहे.

माझा खरा घोटाळा मात्र वजनाचा नव्हताच. तो होता दस्त्याचा. चापापासून कुंद्याच्या टोकापर्यंतची लांबी कारखान्यात साधारण सव्वाचौदा इंच ठेवतात. मध्यम बांध्याच्या पुरुषाचं माप ते. माझ्यासारखीला तेरा इंच, क्वचित साडेबारा पुरतात. लांब दस्ता खांद्याच्या खोबणीत बसतच नाही, दंडावर घसरतो. मग बाई पाठीला बाक देऊन मागे रेलते, नि धक्का बसला की कोलमडते. बघणारे म्हणतात, बाईत जोर नाही. अहो, त्यांना वडिलांच्या चपला घालून पळायला लावा!

कोपरात हात वाकवून दस्ता मोजायची जुनी रीत आहे, ती अंदाजापुरती. खरी परीक्षा अशी: बंदूक रिकामी आहे हे दोनदा बघा. समोर माणूस नसावा. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, गाल दस्त्यावर टेकवा, मग डोळे उघडा. नळीच्या टोकावरची माशी सरळ समोर दिसली, मान ताणावी लागली नाही, अंगठा नि नाक यांत दोनतीन बोटांचं अंतर राहिलं, तर माप जमलं. कुंद्याचं खालचं टोक छातीत रुततंय का तेही बघा. पुरुषांना हा प्रश्न पडत नाही, म्हणून विकणारा विचारत नाही. आपण लाजून सांगत नाही. खालचं टोक थोडं पुढे झुकवून घेता येतं. आणि मंगळसूत्र, पदराची पिन, खांद्यावरची पट्टी त्या जागेतून बाजूला करा, नाहीतर तीच टोचते.

दस्ता कापून घेता येतो, पण परवाना असलेल्या कारागिराकडूनच, आणि कापलेला तुकडा जपून ठेवा. पुढे जाड रबरी गादी लावून लांबी वाढवायला तो कामी येतो. नळीला मात्र हात लावायचा नाही. नळी कापणं हा शस्त्र कायद्याच्या कलम 6 खाली गुन्हा आहे.

शक्तीचा मुद्दा निघालाच आहे तर सांगते. 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्कीट नेमबाजीत पुरुष आणि बायका एकत्र उतरल्या होत्या. सुवर्णपदक चीनच्या झँग शान या बाईने नेलं. पुढच्या, 1996 च्या ऑलिंपिकमध्ये बायकांना स्कीटमध्ये जागाच नव्हती! त्यांची वेगळी स्पर्धा 2000 साली सिडनीला सुरू झाली. आपल्याकडून ट्रॅपमध्ये ऑलिंपिकला जाणारी पहिली बाई शगुन चौधरी, 2012 साली लंडनला.

आता परवाना. नागपूर शहरात अर्ज पोलीस आयुक्तांकडे, ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे. वय 21 पूर्ण हवं. पीक संरक्षणासाठी मागायचा तर शेत कुणाचं, हा प्रश्न येतो, आणि तिथेच आपलं घोडं अडतं. सातबारावर नाव नाही. शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा ज्यांच्या नावावर तुकडा झाला, त्यांना आज याही कामात तो उपयोगी आहे. बाकीच्यांनी आधी तलाठ्याकडे जायचं, मग बंदुकीकडे.

आणि आता तो पहिला प्रश्न. घरात बंदूक आली की ती कुणावर रोखली जाईल, हे आपल्या केंद्रात येणाऱ्या बायांनी मला शिकवलंय. दारू पिणारा, हात उचलणारा माणूस घरात असेल, तर मी सांगते, बंदूक नको. डुकरांनी खाल्लं तर खाऊ दे, भरपाईचा अर्ज करू. नाव बाईचं नि बंदूक नवऱ्याच्या खांद्यावर, हेही नको. सरपंचबाईच्या खुर्चीत नवरा बसतो, तसलाच तो प्रकार. त्यात परवाना तिचा, म्हणजे जाब तिलाच द्यावा लागतो.

माझी बंदूक कुलपात असते, काडतुसं दुसऱ्या कुलपात. दोन्ही किल्ल्या माझ्या कमरेला. नवऱ्याने एकदा विचारलं, "एक मला दे की." मी म्हटलं, "आधी परवाना काढा."