टाळेबंदीत धूर घटला, देणं घटलं नाही



२०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी लागली. कापूस घरात पडून, खरेदी बंद, हे तुम्हाला मी सांगायला नको. त्याच दिवसांत शहरात कौतुक चाललं होतं की हवा स्वच्छ झाली. झालीच होती. पण कशी झाली ते पाहिलं पाहिजे, कारण आपल्या मोटारीच्या विजेचा हिशेब त्यातच दडलाय.

कारखाने, दुकानं, रेल्वे थांबली. शेतीपंप चालूच होते. देशाची विजेची मागणी साधारण पाव हिश्श्यानं उतरली. मग कोणाची वीज कमी करायची? उन्हाला आणि वाऱ्याला सरपण लागत नाही, आणि नियमानंही ती वीज आधी घ्यायची असते. म्हणून कपातीचा मोठा वाटा कोळशावर आला. एप्रिलच्या पहिल्या तीन आठवड्यांत कोळशाची वीज आदल्या वर्षापेक्षा सुमारे ३१ टक्क्यांनी घटली. म्हणजे मागणी घटली त्याहूनही जास्त. कोळशाच्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन वायू हवेत जातो. तेवढा वाचला.

आता बिलाचं बघा. औष्णिक केंद्राशी केलेला करार म्हणजे सालगडी. काम नाही म्हणून त्याला बोलावलं नाही, तर दोन वेळची भाकरी वाचते, पण सालाचे पैसे द्यावेच लागतात. संच बंद राहिला तर कोळसा वाचतो, स्थिर आकार वाचत नाही. कराराप्रमाणे संच तयार आहे म्हटलं की वितरण कंपनीनं तो मोजायचा, आणि कंपनी तो शेवटी कोणाच्या बिलात घालते हे तुम्ही जाणताच. (थकबाकीची यादी मात्र शेतकऱ्याच्याच नावानं वाचतात.)

आणि धूर कमी झाला तो तरी किती दिवस? कारखाने सुरू झाले तसा कोळसा परत पेटला. ऑक्टोबर २०२१ मध्ये मागणी इतकी चढली की देशातल्या केंद्रांवर सरासरी चार-पाच दिवसांचाच कोळसा उरला होता. माणसांचं काम बंद पाडून मिळालेली घट ती. मजूर पायी गावी आले, त्या किमतीत मिळालेली. तिला मी यश म्हणणार नाही.

यातून आपल्या कामाचं एक निघतं. दिवसा सूर्याची वीज असली की कोळसा आपोआप मागं सरतो. आणि दिवसा वीज हीच तर आपली जुनी मागणी! विहिरीला चार तासांचं पाणी असलेला माणूस रात्री दोनला विंचवा-काट्यातून पऱ्हाटीला पाणी द्यायला जातो, ते हौसेनं नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून कागदावर आहे. कुठल्या गावात ती तारेपर्यंत पोचली, कुठं नाही, हे आपल्याला माहीत पाहिजे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकानं आपल्या फीडरचं नाव, वीज दिवसा किती तास आणि रात्री किती तास मिळते, हे पंधरा दिवसांचं लिहून आणावं. वहीत लिहा, तोंडी नको.