पदविकेकडून पदवीकडे : पहिल्या सत्राची कसोटी

(सुवर्णमहोत्सवी समारंभातील विद्यार्थी-पालक मेळाव्यात केलेले भाषण)



पन्नास वर्षांची अखंड वाटचाल ही कोणत्याही संस्थेच्या आयुष्यातील मोठी पुण्याई होय. या मंगल प्रसंगी मला चार शब्द बोलण्याची संधी दिलीत, याबद्दल मी आपला ऋणी आहे. आयुष्याची तीसहून अधिक वर्षे मी अभियांत्रिकी महाविद्यालयात अध्यापन केले. त्या अनुभवातील एकच विषय आज आपणापुढे मांडावयाचा आहे. तो म्हणजे, दहावीनंतर पदविका, म्हणजे डिप्लोमा, पूर्ण करून अभियांत्रिकी पदवीच्या थेट द्वितीय वर्षात प्रवेश घेणारा विद्यार्थी.

मघाशी याच व्यासपीठावर दहावी व बारावीच्या गुणवंतांचा सत्कार झाला. मन प्रसन्न झाले. परंतु त्या यादीत पदविका उत्तीर्ण झालेल्या एकाही मुलाचे नाव मला ऐकू आले नाही. हा कोणाचा दोष नव्हे. आपल्या मनातील शिक्षणाचा राजमार्ग दहावी, बारावी आणि पदवी असाच आखलेला आहे. जो या मार्गाने जात नाही, तो नकळत आपल्या नजरेतून सुटतो.

प्रथम एक साधा हिशेब पाहू. बारावीची २ वर्षे आणि पदवीची ४ वर्षे मिळून ६ वर्षे होतात. पदविकेची ३ वर्षे आणि द्वितीय वर्षापासून पदवीची ३ वर्षे मिळूनही ६ वर्षेच होतात. म्हणजे दहावीला एकाच बाकावर बसलेली दोन मुले दोन वेगळ्या वाटांनी एकाच वर्षी अभियंता होऊ शकतात. थेट द्वितीय वर्षाचा प्रवेश हे मागचे दार नव्हे. शासनाने रीतसर ठेवलेला, पदविकेच्या गुणांवर आधारलेला तो मार्ग आहे. ज्या घरात अकरावी-बारावीच्या शिकवणी वर्गांचे शुल्क परवडत नाही, ज्या घराला तीन वर्षांत मुलाच्या हाती एखादे कौशल्य हवे असते, त्या घरासाठी तर हा मार्ग मोठा आधार आहे.

मग अडचण कोठे येते? ती येते पदवीच्या पहिल्या सत्रात. मला उमगलेली तिची चार कारणे सांगतो.

पहिले कारण गणित. पदविकेतील गणित बहुतांशी पहिल्या वर्षातच आटोपते. पुढील दोन वर्षे मुलगा यंत्रे, मंडले, बांधकाम यांत रमतो. द्वितीय वर्षात पाऊल टाकताच मात्र विद्यार्थी ज्याला ‘एम-थ्री’ म्हणतात, तो विषय समोर उभा राहतो. त्याच्या वर्गबंधूंनी त्याआधी बारावीचे गणित आणि प्रथम वर्षाचे दोन विषय पार केलेले असतात. याला मात्र दोन पायऱ्या गाळून तिसरीवर उडी घ्यावी लागते.

दुसरे कारण विलंब. थेट द्वितीय वर्षाच्या प्रवेशफेऱ्या अनेकदा ऑगस्ट-सप्टेंबरपर्यंत चालतात. मुलगा वर्गात येतो तेव्हा कित्येकदा दोन-तीन प्रकरणे शिकवून झालेली असतात, प्रयोगशाळेतील गट पडलेले असतात, क्वचित पहिली चाचणीही उरकलेली असते.

तिसरे कारण निवास. महाविद्यालयांची आणि समाजाची वसतिगृहे जून-जुलैतच भरून जातात. उशिरा आलेल्या मुलास मग खोली शोधत फिरावे लागते, किंवा एस.टी.ने रोज ये-जा करावी लागते. मुलगी असेल तर पालकांचा धीर याच टप्प्यावर सुटतो आणि मिळालेली जागा सोडून दिली जाते.

चौथे कारण गुणांचा भार. नियमित विद्यार्थ्याची पदवी आठ सत्रांची, याची सहा सत्रांची. नियमित विद्यार्थी आपले चाचपडणे प्रथम वर्षात संपवतो. याचे एक सत्र बिघडले तर ते एकूण गुणांचा सहावा हिस्सा घेऊन बसते आणि नोकरीच्या मुलाखतीपर्यंत त्याचा पाठलाग करते.

हा प्रश्न केवळ आपलाच आहे असे मात्र नाही. अमेरिकेत दोन वर्षांची सार्वजनिक महाविद्यालये आहेत. त्यांना तेथे ‘कम्युनिटी कॉलेज’ म्हणतात. इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे १९०१ साली अशा महाविद्यालयाचा प्रारंभ झाला. तेथे कमी खर्चात दोन वर्षे शिकून पुढे विद्यापीठात जाता येते. या स्थलांतरानंतर पहिल्या सत्रात विद्यार्थ्यांचे गुण घसरतात आणि पुढे बहुधा सावरतात, असे जॉन हिल्स या अभ्यासकाने १९६५ साली नोंदविले. त्या घसरणीस त्यांनी ‘ट्रान्सफर शॉक’, म्हणजे स्थलांतराचा धक्का, असे नाव दिले. तेथे आणखी एक संकट आहे. महाविद्यालय बदलणाऱ्या विद्यार्थ्यांची पूर्वी मिळविलेली सरासरी ४३ टक्के श्रेयांके नव्या ठिकाणी धरली जात नाहीत, असा अंदाज तेथील शासकीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ साली मांडला. त्या मानाने आपला विद्यार्थी भाग्यवान. त्याचे वर्ष कागदोपत्री बुडत नाही. परंतु धक्का मात्र तोच आहे, आणि तो सावरता येतो, हेही तितकेच खरे आहे.

आता माझ्या हातून घडलेली एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. सप्टेंबर महिना होता. वर्गात एक नवा मुलगा मागच्या बाकावर बसला होता. फळ्यावरील उदाहरण त्याला सुटेना. मी सर्वांदेखत विचारले, “अरे, बारावीला गणितात किती गुण होते तुला?” तो उभा राहून म्हणाला, “सर, मी बारावी केलेलीच नाही.” वर्ग खो-खो हसला. मीही, सांगावयास लाज वाटते, किंचित हसलो. त्या दिवसापासून वर्गात त्याचे नाव ‘डिप्लोमावाला’ असे पडले.

त्या सत्रात तो दोन विषयांत अनुत्तीर्ण झाला. एके दिवशी ग्रंथालयाची कार्डे परत करण्यासाठी माझी सही मागावयास आला. महाविद्यालय सोडून कारखान्यात लागतो, म्हणाला. चौकशी करता कळले की, त्याने एका वसतिगृहाकडे अर्ज केला होता, पण मुदत जूनअखेरच संपली होती. म्हणून तो रोज एस.टी.ने चार तासांचा प्रवास करीत होता. वडिलांचे गावात छोटे किराणा दुकान. घरी गुणपत्रिका दाखविण्याचे धैर्य त्याला झाले नव्हते.

मी सही केली नाही. त्याला घेऊन कार्यशाळेत गेलो. लेथवर त्याचा हात असा सफाईने चाले की, आमचे निदेशकही पाहत राहत. तृतीय वर्षातील एक विद्यार्थी पदविकेच्याच वाटेने आला होता. त्याच्या खोलीत याची सोय लावली आणि रोज सायंकाळी एक तास दोघांनी गणित घेऊन बसावयाचे असे ठरविले. एवढेच केले. पुढील परीक्षेत दोन्ही विषय सुटले. अंतिम वर्षी त्याच्या गटाचा प्रकल्प विभागात सर्वोत्तम ठरला. त्याला हसणारी मुलेच तेव्हा यंत्राची जोडणी त्याच्याकडून समजावून घेत होती. त्या मुलाला बुद्धी मी दिली नव्हती. ती होतीच. कमी पडत होते ते एक अंथरूण, एक सोबती आणि रोजचा एक तास.

बंधू-भगिनींनो, आपल्या पूर्वसूरींना हे मर्म पक्के ठाऊक होते. १९१५ साली मुंबईत श्री महावीर जैन विद्यालयाची स्थापना झाली, ती परगावच्या विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाची सोय व्हावी म्हणून. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांसाठी वसतिगृह सुरू केले. प्रवेश मिळाला म्हणजे शिक्षण मिळाले असे नव्हे, विद्यार्थ्याला टिकवावे लागते, हे त्यांनी जाणले होते. तोच वारसा आपला आहे.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने विश्वस्त मंडळापुढे चार नम्र सूचना ठेवतो. यांस मोठ्या निधीची आवश्यकता नाही.

एक, आपल्या वसतिगृहातील किमान चार जागा थेट द्वितीय वर्षाच्या प्रवेशफेऱ्या संपेपर्यंत राखून ठेवाव्यात. दोन, शिष्यवृत्तीच्या अर्जात बारावीच्या गुणांच्या रकान्याशेजारी पदविकेच्या गुणांचा रकाना असावा आणि पुढील वर्षीच्या सत्कारात त्या गुणवंतांनाही स्थान मिळावे. तीन, पदविकेची अंतिम परीक्षा उन्हाळ्यात संपते आणि पदवीचा वर्ग सुरू होईपर्यंत दोन-तीन महिने हाती असतात. त्या काळात याच सभागृहात पाच-सहा आठवड्यांचा गणित वर्ग चालवावा. शिकविण्यास मी स्वतः येईन. मानधन नको. चार, या वाटेने पुढे गेलेल्या अभियंत्यांची एक यादी करून प्रत्येक नव्या विद्यार्थ्यास त्यांच्यातील एक सोबती द्यावा.

पालकांना एवढेच सांगणे आहे की, पहिल्या सत्राचा निकाल पाहून “आधीच सांगितले होते” असे म्हणू नका. त्या दिवशी मुलाला रागापेक्षा आपल्या विश्वासाची गरज अधिक असते. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हाला एक विनंती. ‘समजले नाही’ असे सांगण्यास लाजू नका. पहिल्याच आठवड्यात शिक्षकांना भेटा, मागील प्रकरणांच्या वह्या मागून घ्या आणि गणिताला रोज एक तास द्या. कार्यशाळेत तुमचा हात इतरांपेक्षा पुढे आहे, हे विसरू नका. जे येते ते इतरांना शिकवा, जे येत नाही ते त्यांच्याकडून शिका.

‘डिप्लोमावाला’ या शब्दावर एके काळी मी हसलो होतो. पुढील वर्षी याच व्यासपीठावर तो शब्द सन्मानाने उच्चारला जावा, एवढीच माझी इच्छा आहे.  संस्थेच्या पुढील वाटचालीस माझ्या हार्दिक शुभेच्छा. जय जिनेंद्र!