पत आणि ऐपत



कोणास किती उधार द्यावे, हे कापडाच्या पेढीवर बसून मी ४० वर्षे पारखले. स्वतःस पारखण्यात मात्र चुकलो. क्रेडिट कार्डाची मर्यादा ३ वेळा अर्ज करून ५० हजारांवरून ४ लाखांवर नेली. प्रत्येक वाढ मला सन्मान वाटे. एका मंदीच्या वर्षी लग्नसराईचा माल त्याच कार्डावर भरला आणि देय तारखेस केवळ किमान रक्कम भरली. मग दरमहा साडेतीन टक्के, म्हणजे वर्षास ४२ टक्के व्याज सुरू झाले! बाकी राहिली की नव्या खरेदीची बिनव्याजी मुदतही जाते, हे बी.कॉम. असूनही मला तेव्हाच उमगले. अखेर सौ.च्या बांगड्या मोडाव्या लागल्या.

मग थांबावे कोठे? गल्ल्यास हात न लावता, देय तारखेस संपूर्ण बिल बचतीतून फेडता येईल, तेवढ्या रकमेवर. जुनी बाकी भागविण्यासाठी वाढ हवी असेल, तर तो अर्ज करूच नये. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आपल्या संमतीविना मर्यादा वाढविता येत नाही. नकार देणे आपल्या हाती आहे.

परिग्रह-परिमाण व्रतात मर्यादा ज्याची त्याने आखावयाची असते. मी माझी दीड लाखावर आणून ठेवली आहे. बँक सांगते ती पत. ऐपत आपली आपणच ओळखावी, एवढीच नम्र विनंती.

जय जिनेंद्र!